चाक धरणारा

मंगळवारी रात्री सव्वानऊला चौघं जण सायकलच्या दुकानात आले, ते एका किरकोळ कामासाठी. त्यांच्यातल्या चष्मेवालीच्या मागच्या चाकात आऊट आला होता, म्हणजे फिरताना चाक लंगडत होतं. पहाटे चारला चौघांना निघायचं होतं. पावणेतीनशे किलोमीटर. लंगड्या चाकावर एवढं अंतर कापणं म्हणजे दुखऱ्या दाढेनं अक्रोड फोडण्यासारखं, असं मामा म्हणाले आणि अर्धं ओढलेलं शटर त्यांनी पुन्हा वर केलं.

मामा हे कुणाचे मामा होते ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं दुकान चालवून ते सगळ्यांचेच झाले होते. त्यांनी चाक स्टँडवर चढवलं, स्पोकची चावी घेतली आणि एकेक तार कसायला सुरुवात केली. चौघं जुन्या टायरांच्या थप्पीवर बसले.

बसल्या बसल्या चष्मेवालीनं फोन काढला. प्रवासाची घोषणा तिनं दुपारीच टाकली होती, तीनशे जणांना आवडली होती. तिनं ती कौतुकानं वाचून दाखवली. "पहाटे चारनंतर या रस्त्यावर जो कोणी असेल, त्यानं बिनधास्त आमच्यात यावं. ओळख असायलाच हवी असं नाही. रस्ता सगळ्यांचा आहे."

मामांचा हात थांबला.

"हे असंच एकानं लिहिलं होतं," ते म्हणाले. "वायरमननं."

चौघांत जो आडदांड होता त्यानं लगेच हात जोडले. मामा, भुताची गोष्ट नको, पहाटे उठायचंय. मामा म्हणाले, भुताची कोण सांगतंय. वायरमन मागच्याच गल्लीत राहतो. जाऊन विचारा. दार उघडणार नाही, ते सोडा. अंधार पडल्यावर तो कुणालाच उघडत नाही.

आणि पुन्हा तारा कसत त्यांनी सांगायला घेतलं.

वायरमन म्हणजे वीज कंपनीतला माणूस, खांबावर चढणारा. भित्रा म्हणावा तर अकरा केव्हीच्या तारांशेजारी बसून डबा खाणारा. त्याला सायकलचं वेड लागलं आणि मग ते वेड जगाला दाखवायचं वेड लागलं. कुठेही निघाला की फोन हँडलवर. नकाशावर त्याचा निळा ठिपका सरकायचा आणि लोक घरबसल्या तो बघत बसायचे. दर तासाला, बरोबर तासाच्या ठोक्याला, तो दोन वाक्यं बोलायचा. कुठे आहे, पाय कसे आहेत. ही अट बायकोची. ती दवाखान्यात रात्रपाळीची नर्स. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं म्हणून तोही म्हणायचा आणि ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना वाटायचं, भावाबहिणीत काय हे प्रेम. सिस्टरनं बजावून ठेवलं होतं, एक तास जरी आवाज आला नाही तरी मी फोन करणार. आणि तो तू उचलायचा. नाहीतर रात्रीची सायकल बंद.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चची एकोणीस तारीख, आजच्यासारखाच मंगळवार. त्याच्या दादाचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. दादानं सांगितलं होतं, पट्टी निघाली की पहिलं तोंड तुझं बघायचंय. दादाच्या गावाला बसनं पाच तास लागतात. पण वायरमन बसनं गेला असता तर तो वायरमन कसला. रात्री आठला निघाला आणि निघताना लिहिलं, "आज या रस्त्यावर जो कोणी असेल, त्यानं यावं. माझं चाक धरावं. आळीपाळीनं वारा अंगावर घेऊ."

चाक धरणं काय ते चौघांना सांगावं लागलं नाही. त्यांचं निम्मं आयुष्य त्यातच गेलं होतं. पुढच्याच्या मागच्या चाकाला हातभर अंतरावर चिकटायचं. तो वारा फोडतो, आपली दमछाक वाचते. पण कुणी फुकटात ओढून नेत नाही. पुढचा दमला की कोपर बाहेर काढतो, दोनदा, आणि बाजूला होतो. मागच्यानं पुढे जायचं. आणि जो पुढे होता त्यानं आता याचं चाक धरायचं. बोलायचं नाही. वळून बघायचं नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला कोणी सोबत घेत नाही.

एक वाजता वायरमन बोलला. धरणाच्या अलीकडच्या माळावर आहे, समोरून वारा फार आहे, पाय भरलेत. सिस्टरनं वॉर्डातून ऐकलं आणि फोन खिशात टाकला.

एक वाजून दहा मिनिटांनी त्याला मागे टिकटिक ऐकू आली.

पायडल मारायचं थांबवलं की फ्रीव्हील वाजतं, तशी. कुणीतरी मागून येऊन त्याचं चाक धरलं होतं. वायरमनला बरंच वाटलं. लिहिलेलं कामाला आलं म्हणायचं. त्यानं वळून बघितलं नाही. मागे दिवा दिसत नव्हता, पण बिनदिव्याचे शहाणे खूप असतात. त्यानं मोठ्यानं विचारलं, कुठून आलात. उत्तर आलं नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

दहा-बारा मिनिटं ओढल्यावर त्यानं कोपर बाहेर काढलं. दोनदा. आणि तो बाजूला झाला.

डाव्या अंगानं एक जुनी, जड, लोखंडी सायकल पुढे गेली. गियर नाही. चालवणाऱ्याची पाठ सरळ, पँटच्या पायाला घोट्याशी चाप. चढावर माणूस सीटवरून उठतो. हा उठला नाही.

वायरमननं त्याचं चाक धरलं. पुढच्याच्या पाठीवर झोत नको म्हणून, रीतीप्रमाणे, आपला दिवा मंद केला.

आणि वारा थांबला.

चाक धरल्यावर वारा कमी होतो. थांबत नाही. इथे पार थांबला. कानातला घोंघाट गेला. इतकं शांत झालं की त्याला स्वतःचा श्वास मोठा वाटायला लागला. पाय आपोआप फिरत होते. त्याला वाटलं, हा कोण तयारीचा माणूस आहे. नाव विचारायला हवं. उद्या सगळ्यांना सांगायला हवं.

पुढचा अधूनमधून डावा हात खाली करून बोट दाखवायचा. खड्डा. वायरमन चाक वळवायचा. पुन्हा बोट. पुन्हा खड्डा. धरणावरचा रस्ता तर नवाकोरा होता, गेल्याच वर्षीचा… पण तो विचार त्याच्या मनात टिकला नाही. चाक धरलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही. त्याला एक वीतभर टायर दिसतं आणि तेवढ्यावर तो जीव टाकतो.

मग त्याच्या तोंडावर पाणी उडालं.

बारीक थेंब. ओल्या रस्त्यावर पुढच्याच्या चाकावरून उडतात तसे. त्यानं ओठ चाटले. गाळाची चव लागली.

मार्च महिना. पाऊस नाही. रस्ता कोरडा.

निदान… त्याला वाटत होतं कोरडा.

कोपर बाहेर येईना. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. इतका वेळ कुणी पुढे राहत नाही. वायरमननं हाक मारली. आता मी येतो पुढे, असं म्हणाला. पाठ हलली नाही. टायर जड चालायला लागलं, हवा गेल्यासारखं. गारवा आला. दोन वाजून गेले होते आणि तो बोलला नव्हता, याचीही त्याला शुद्ध नव्हती.

फोन वाजला. त्यानं कानातल्या इअरफोनचं बटण दाबलं.

"कुठे आहेस?" सिस्टर हळू बोलत होती. वॉर्डात पेशंट झोपले असणार.

"रस्त्यावर. बरं चाललंय. सोबत मिळालीय."

"कोण?"

"नाव नाही विचारलं."

तिकडे कुठलं तरी मशीन ठराविक वेळानं वाजत होतं. तेवढंच ऐकू येत होतं.

"ऐक," ती म्हणाली. "तुझा ठिपका पाण्यात आहे."

"काय?"

"नकाशावर. धरणाच्या पाण्यात. चार मिनिटं झाली. आतच चाललाय. पाय टेक."

"अगं, रस्ता आहे इथे, मी—"

"पाय टेक. आत्ता."

पेशंटशी बोलायचा तो आवाज होता. त्याला कुणी नाही म्हणत नाही. वायरमननं दोन्ही ब्रेक दाबले आणि उजवा पाय टेकला.

पाय घोट्यापर्यंत गाळात गेला.

त्यानं दिवा मोठा केला. चहूबाजूंना चिखल, त्याच्यात जुन्या रस्त्याचं उखडलेलं डांबर. धरण झालं तेव्हा हा रस्ता पाण्याखाली गेला होता. बुडालेल्या गावांतले सगळे वेळेत उठून गेले असं कागदावर आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की रस्त्याचा थोडा तुकडा उघडा पडतो आणि मग सरळ पाण्यात उतरतो.

त्याचं पुढचं चाक पाण्याला लागलं होतं.

पुढचा थांबला नव्हता.

तो पाण्यावरून चालला होता, की पाण्यातून… वायरमनला सांगता आलं नाही. आवाज नव्हता. त्याच्या मागच्या मडगार्डवरचा लाल काचेचा तुकडा तेवढा चमकत होता. दूर. आणखी दूर. मग तो तुकडा जागच्या जागी राहिला.

आणि कोपर बाहेर आलं.

दोनदा.

मामांनी चाक हातानं फिरवून बघितलं. अजून थोडं लंगडत होतं. त्यांनी आणखी एक तार कसली. चौघांपैकी कुणी हललं नाही. चष्मेवालीनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला होता.

वायरमन सायकलवरून उतरला, मामा म्हणाले. सिस्टरचं नीट ऐकू यावं म्हणून त्यानं हेल्मेट ओढून काढलं आणि ते तिथेच पडलं. तो सायकल वळवून, ढकलत वर निघाला. सिस्टर कानात बोलत होती. चालत राहा. मी आहे. चालत राहा. ढकलत नेलेल्या सायकलचं फ्रीव्हील वाजतं. टिक टिक टिक. तो दम घ्यायला थांबला.

टिक… टिक… आणखी दोनदा वाजलं.

तो पुन्हा थांबला नाही.

सिस्टरनं मामांना फोन केला तेव्हा तीन वाजत होते. मामा टेम्पो घेऊन निघाले आणि पावणेसहाला पोचले. वायरमन नव्या रस्त्याच्या कडेला, जुना रस्ता फुटतो तिथे, मैलाच्या दगडाला पाठ टेकून बसला होता. पाठ मोकळी सोडायची नव्हती त्याला. मामांनी सायकल उचलून टेम्पोत मागे टाकली आणि त्याला पुढे शेजारी बसवलं. तिथे बसून त्यानं हे सगळं सांगितलं, आत्ता मामांनी चौघांना सांगितलं तसं. ओळीनं. शेवटी म्हणाला, मामा, हेल्मेट खालीच राहिलं.

हेल्मेट नवं होतं. दुकानातूनच घेतलेलं. शिवाय उजाडत होतं, आणि उजेडात माणसाला शहाणपण सुचतं. मामांनी मनाशी ठरवलं, थकलेला माणूस वाट चुकला, डुलकी लागली, स्वप्न पडलं. खाली जाऊन बघितलं की मिटेल. वायरमन टेम्पोतून उतरायला तयार नव्हता. मामा एकटे उतरले.

गाळात सगळं छापल्यासारखं उमटलं होतं. उतरत गेलेला एका सायकलचा ठसा. बारीक टायरचा, वायरमनचा. दुसरा नाही. बाजूला नाही, पुढे नाही. मामांना हसू आलं. मोठा श्वास सोडून, वर येणाऱ्या खुणांकडे न बघता ते पाण्यापर्यंत गेले. हेल्मेट तिथेच होतं, आतून गाळानं भरलेलं. ते उचलायला वाकले तेव्हा वायरमनचा पाय टेकलेला खड्डा दिसला. बुटाची नक्षीसुद्धा.

त्या नक्षीवरून एक टायर गेलेलं होतं.

जाड. जुन्या वळणाचं.

ते पाण्यातून बाहेर आलं होतं.

मामांनी हेल्मेट छातीशी धरलं आणि वर चालायला लागले. वर जाणाऱ्या वायरमनच्या पावलांच्या खुणा होत्या, त्यांच्या शेजारी त्याच्या सायकलचा ठसा. आणि पावलांवर पाऊल टाकावं तसा तो जाड ठसा. कुठे उजवीकडे नाही, डावीकडे नाही. वायरमन जिथे थांबला होता तिथे पावलं जवळ जवळ उमटली होती. तिथे तो ठसाही थांबला होता. हातभर मागे.

"मामा," चष्मेवाली म्हणाली. "त्याला… वायरमनला सांगितलंत?"

त्यानं विचारलं, मामा म्हणाले. टेम्पोत बसलो तेव्हा. काही दिसलं का.

"मग?"

"काही नाही म्हणालो."

तिनं फोन सुलटा केला. घोषणेवर आणखी चाळीस जण आले होते. बोलावण्याची ती ओळ कशी काढायची ते तिला ठाऊक होतं, पण बोट पडद्यावर टेकवायला तिला वेळ लागला. एकदा पुसली. नीट पुसली गेली ना म्हणून पुन्हा उघडून बघितली.

मामांनी चाक शेवटचं फिरवलं. आता ते सरळ फिरत होतं, जराही न हलता. ते थांबेपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"एक राहिलं," मामा म्हणाले.

तो जाड ठसा गाळातून वर येऊन नव्या डांबरावर चढला होता. तिथे तो दोन हात दिसत होता. रात्रीचं पाणी तोवर वाळायला हवं होतं. ते ओलं होतं. आणि टेम्पोच्या मागच्या फळीपाशी, जिथून त्यांनी सायकल आत टाकली होती तिथे, तो संपत होता.