मोज्याचं वजन

ज्यांना पटणार नाही, त्यांनी इथेच वाचायचं थांबवलं तरी माझी हरकत नाही. मलाही दीड वर्ष पटलं नव्हतं. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

हे घडलं माझ्या मावसबहिणीसोबत. मी तिला ताई म्हणते.

आणि हे रात्रीबिरात्री घडलेलं नाही. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, लख्ख उन्हात, डझनभर पोरांच्या देखत घडलंय.

आमचा मामा जखमी आणि सोडून दिलेल्या जनावरांसाठी निवारा चालवतो. एका जुन्या गोदामामागे दोन रांगांत पिंजरे, पुढे व्हरांडा, कोपऱ्यात ऑफिसची खोली. ताई तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. समाजसेवेच्या उपक्रमात तिने मामाचा निवाराच निवडला आणि धाकटी बारा पोरं हाताशी घेतली. दर शनिवारी ही गँग यायची. पिंजरे धुवायची, जुन्या गोधड्यांच्या गाद्या शिवायची, कुत्र्यांना पट्ट्याने चालायला शिकवायची.

ताईकडे वजनाचं काम होतं.

व्हरांड्यात जमिनीला टेकलेला सपाट वजनकाटा होता, वर रबरी चटई. एकेका कुत्र्याला त्यावर उभं करायचं आणि आकडा वहीत लिहायचा. प्रत्येकाचं एक पान.

मोज्या आला तेव्हा अकरा किलोचा होता. नुसता सापळा. पुढचे दोन पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे, म्हणून पोरांनी ते नाव ठेवलं. मागचा डावा पाय मोडलेला, त्यावर निळं बँडेज. पहिले पंधरा दिवस तो कोपऱ्यातून हललाच नाही. त्या दिवसांत ताई रोज कॉलेज सुटलं की त्याच्या पिंजऱ्यात जाऊन फरशीवर बसायची. त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. फक्त बसायची.

सोळाव्या दिवशी त्याने तिच्या मांडीवर हनुवटी टेकवली.

दोन महिन्यांनी बँडेज निघालं. पाय लंगडाच राहिला. चौथ्या महिन्यात तो आपणहून काट्यावर येऊन बसायला लागला, जसा काही डॉक्टरकडे नंबर लावलाय. अठरा किलो चारशे! त्या दिवशी ताईने सगळ्या पोरांना बिस्किटं वाटली.

पुढच्या शनिवारी पाच पिंजरे रिकामे होते. त्यांतला एक मोज्याचा.

"घर मिळालं त्याला!" मामा हसत म्हणाला. "बुधवारीच घेऊन गेले. मोठं अंगण, दोन लहान मुलं. तुझ्या मेहनतीला फळ आलं बघ, पोरी."

ताई रडली. निरोप घेता आला नाही म्हणून थोडी, आनंदाने जास्त. मग डोळे पुसले आणि कामाला लागली. काटा चालू केला. अजून एकही कुत्रा आणलेला नव्हता. चटई रिकामी होती.

काट्यावर आकडा आला...

१८.४.

"ताई, काट्याला मोज्याची सवय लागली!" एक पोरगा म्हणाला. सगळे हसले. तीही हसली. काटा बंद करून पुन्हा चालू केला.

१८.४.

सेल बदलले. मग शून्य आलं. पण त्या दिवशी एकही कुत्रा काट्यावर चढायला तयार होईना. ओढलं तरी कडेकडेने वळसा घालून जायचा.

जसं बसलेल्या कुणाला वळसा घालून जावं, तसं.

दुसऱ्या शनिवारी रिकाम्या काट्यावर १७.१ होतं.

तिसऱ्या शनिवारी १५.६.

आता पोरं हसत नव्हती. ताईने कुणाला काही न बोलता ते आकडे मोज्याच्या पानावर, जुन्या आकड्यांच्या खाली लिहून ठेवले. का लिहिले, हे तिलाही सांगता येत नाही.

त्याच दिवशी दुपारी ती व्हरांड्यात एकटीच वही लावत बसली होती. पोरं मागे पिंजरे धूत होती.

आणि मागून आवाज आला... नखांचा. फरशीवर.

टक, टक, टक... मग एक जागा रिकामी. टक, टक, टक... पुन्हा एक जागा रिकामी.

तीन पायांवर चालणारं कुणीतरी.

ती वळली. व्हरांडा मोकळा होता.

ती तशीच ऑफिसात गेली. "मामा, मोज्याच्या घरच्यांचा नंबर दे ना. एकदा बोलते त्यांच्याशी."

"अगं, असं मागे लागून कसं चालेल? रुळू दे त्याला." मामाने मान वर केली नाही. "थांब, फोटो मागवतो."

संध्याकाळी फोटो आला. हिरव्या गवतावर मोज्या उभा, जीभ बाहेर, ऊन खात. ताईने तो आईला दाखवला, मला पाठवला. मीसुद्धा बदाम पाठवला.

चौथ्या शनिवारी काट्यावर १३.९ आलं. ताईने फोन काढला आणि तो फोटो पुन्हा बघितला. बोटांनी मोठा केला.

मागच्या पायावर निळं बँडेज होतं.

ते बँडेज तिने स्वतःच्या हाताने कापून फेकलं होतं. मोज्याला निवाऱ्यातून नेलं, त्याच्या दोन महिने आधी.

मामा ऑफिसात प्रमाणपत्रांच्या चवडी लावत बसला होता. पुढच्या शनिवारी निवाऱ्याचा मोठा कार्यक्रम होता. पोरांनीच रंगवलेला फलक भिंतीला टेकवून ठेवला होता. 'शंभर जनावरं, शंभर घरं.'

"मामा, हा फोटो जुना आहे. मोज्या कुठे आहे?"

मामाने हातातली चवड खाली ठेवली. मग उठला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा.

"तुझी शपथ, बाळ. खाऊनपिऊन मजेत आहे तो. चुकून जुना फोटो आला असेल. माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

होता. तेच तिला आजही सलतं. त्या क्षणी तिचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. हात किती ऊबदार होता, ती म्हणते.

आणि तेवढ्यात दाराबाहेर...

टक, टक, टक.

मामाचा हात तिच्या डोक्यावर होता. तो हलला नाही. फक्त गार पडला.

त्यानेही ऐकलं होतं.

पाचवा शनिवार. कार्यक्रमाचा दिवस. व्हरांड्यात खुर्च्या मांडणं चाललं होतं. ताईने काटा चालू केला.

१२.२.

ती आकडा लिहीत असताना मागे कुणीतरी थांबलं. निवाऱ्याची गाडी चालवणारे काका होते. त्यांनी आधी काट्याकडे बघितलं, मग वहीतल्या पानाकडे. वरचं नाव वाचलं. एकाखाली एक उतरत गेलेले आकडे वाचले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "वही मिटा. माझ्यासोबत चला."

गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. समोर रस्त्याकडे बघत, एका दमात.

फलक रंगवून झाला होता, पण घरं पंच्याण्णवच झाली होती. घर मिळालेल्यांची यादी महिनाभर आधी पाठवायची होती, आणि पाहुणे येऊन ती पिंजऱ्यांशी ताडून बघणार होते. म्हणून मामाने पाच कुत्री गाडीत घालून गावाबाहेरच्या बंद कारखान्याच्या आवारात सोडायला लावली. कार्यक्रम झाला की परत आणू, तोवर तिथला राखणदार खायला घालेल, असं म्हणाला होता.

"मी पण मान डोलावली," काका म्हणाले. "नोकरी आहे ना."

"राखणदार आहे तिथे?"

काकांनी गियर बदलला.

"परवा बाजारात भेटला. म्हणाला, दोन महिने झाले ते काम सोडून."

आवाराच्या मागच्या भिंतीला भगदाड होतं. चार कुत्री तिथून कधीच निघून गेली होती. मोज्या फाटकाजवळ होता. त्याला खांबाला बांधलं होतं.

"गाडीमागे धावत होता हो," काका रडत सांगत होते. "तीन पायांवर. म्हणून मामांनी बांधायला सांगितलं."

ताई रडली नाही. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. पहिले पंधरा दिवस बसायची तशीच.

काकांनी जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन करून बोलावलं. त्यांनी तपासलं, मग ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "फार दिवस भोगलं नाही त्याने. पाण्याशिवाय चार-पाच दिवस. याला जाऊन चार आठवडे होत आले."

चार आठवडे.

म्हणजे दुसऱ्या शनिवारी, जेव्हा काट्यावर १७.१ आलं, तेव्हाच तो जिवंत नव्हता. तरीही त्याचं वजन दर आठवड्याला उतरतच होतं...

मेलेला कुत्रा उपाशी कसा राहील?

ताईने वही पुढे केली. डॉक्टरबाईंनी दोनदा वाचली आणि परत दिली.

काकांनी आणि तिने मिळून खड्डा खणला. ती निवाऱ्यावर परतली तेव्हा कार्यक्रम रंगात आला होता. मी स्वतः तिथे होते, तिसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी. नखांत माती घेऊन ताई मागे उभी राहिलेली मला दिसली.

मामाला पण दिसली. त्याने माइकवरून हाक मारली, "या उपक्रमाचा कणा, माझी लाडकी भाची! ये पोरी, दोन शब्द बोल."

ती गेली. माइक हातात घेतला. बारा पोरं तिच्याकडे बघत होती.

"या शंभरातला एक," ती म्हणाली, "मी आत्ता पुरून आले."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

मामाने तिच्या हातातून माइक काढून घेतला. अलगद. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बघा. एक पिल्लू गेलं तर अशी होते ही. इतका जीव लावतात आमची मुलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मीही वाजवल्या.

त्या रात्री घरात जे बोलणं झालं, ते सगळं सांगण्यासारखं नाही. ताईने वही ठेवली, फोटो दाखवला. तिच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, वही उघडलीसुद्धा नाही. माझी आई म्हणाली, "एका कुत्र्यापायी सख्ख्या मामाची अब्रू घालवशील?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

महिनाभरात ती दुसऱ्या गावी निघून गेली. मामाशी बोलत नाही, आईशी कामापुरतं बोलते. गाडीवाल्या काकांनीही नोकरी सोडली. निवारा आहे तिथेच आहे. पोरांची नवी तुकडी येते.

मला हे सगळं तेव्हा अर्धवटच खरं वाटायचं. कुत्रा मेला, हे खरं. काट्याचं म्हणजे बिचारीच्या मनाचे खेळ.

गेल्या महिन्यात एका शनिवारी मामाने मला बोलावून घेतलं.

तो निम्मा झालाय. काटा आता ऑफिसच्या खोलीत असतो, कुलपात. दोनदा नवा आणला, म्हणाला. दोन्ही वेळा तेच. त्याने दार आतून लावलं. रिकाम्या चटईपुढे एक भरलेलं ताट ठेवलेलं होतं. शेजारी पाण्याचं भांडं. दोन्हीला कुणी तोंड लावलेलं नव्हतं.

"दर शनिवारी ठेवतो," मामा कुजबुजला. "सगळं करून बघितलं. खात नाही गं तो. आधी भराभर उतरायचं. आता थोडं थोडं उतरतं."

त्याने काटा चालू केला.

०.८.

"शून्य झाल्यावर काय होणार?" त्याने मला विचारलं. एवढा मोठा माणूस, माझा हात धरून. "तू तिला सांग ना. तिला म्हणावं, एकदा ये. तुझं ऐकेल ती."

मी पुढच्या शनिवारी ताईला फोन केला. दीड वर्षात पहिल्यांदा मीच हा विषय काढला. आधी माफी मागितली. टाळ्यांची पण. ती ऐकत होती. मग मी म्हटलं, "ताई, मी डोळ्यांनी बघितलं. आठशे ग्रॅम उरलेत."



"आठशे गेल्या शनिवारी होते," ती म्हणाली. "आज साडेसहाशे आहेत."

तिच्या घरी वजनकाटा नाही. मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "मी येणार नाही," आणि फोन ठेवला.

तेवढ्यात मामाचा मेसेज आला. फोटो होता. काट्याचा.

०.६५.

त्याला आज तीन आठवडे झाले. हे लिहीत असताना मामाचा दोनदा फोन येऊन गेला.

मी उचललेला नाही.