खाडीच्या पाण्याचा ड्रम

पाण्याखालची बत्ती घ्यायची तर ती पाण्यातच पारखून घ्यावी, हा गोखिवऱ्याच्या फेबियनचा हट्ट. त्याच्या शेडमध्ये वसईच्या खाडीतून आणलेल्या गढूळ पाण्याचा ड्रम असे. पितळी बत्ती त्यात बुडवायची आणि झोत कुठवर जातो ते वरून बघायचं. एरवी असल्या हेकट माणसाच्या वाऱ्यालाही मी उभा राहिलो नसतो, पण १९८३ साली आम्हा पाणबुड्यांना अशा बत्त्या दुसरं कोण बनवून देणार?

मला बुडालेल्या बार्जच्या इंजिनखोलीतून एक पंप सोडवून आणायचा होता. दोन वर्षांपूर्वी त्याच कामाला फेबियनचा धाकटा भाऊ ॲन्सेल्म उतरला होता. तो वर आलाच नाही, सापडलाही नाही. फेबियनने त्याचा विषय काढला नाही. मी लख्ख पांढऱ्या बत्त्यांची जोडी उचलली, तेव्हा मात्र म्हणाला, "ही नको, हिलरी. गढूळ पान्यात पांढरा उजेड भिंत होतो. पिवळी घे, बारीक झोताची."

मी कसला ऐकतोय! दुसऱ्या दिवशी सकाळी एक बत्ती हातात, एक कमरेला अडकवून उतरलो. वर होडीत मार्सेल माझा दोर धरून बसला होता.

इंजिनखोलीत दोर पाइपात अडकला. तो सोडवायला मी कमरेची गाठ सोडली, ही माझी घोडचूक. तेवढ्यात गाळ उठला. बत्तीपुढे खरंच भिंत उभी राहिली, पांढरी, मऊ. दुसरी लावली तर भिंत आणखी जवळ आली. दोर हातातून गेला. दार कुठे, छत कुठे... काही कळेना. कानात माझाच श्वास, तोंडात रबराची कडू चव. घरी क्लेमेंटीनला सातवा महिना लागला होता. मी दोन्ही बत्त्या विझवल्या आणि रडलो, खोटं कशाला सांगू.

मग डावीकडे उजेड दिसला. पिवळा, बारीक, मधोमध एक आडवी काळी रेघ असलेला. मला वाटलं, मार्सेल आला. मी पुढे सरकलो की तो मागे सरके, मी थांबलो की थांबे. शेवटी दाराची चौकट हाताला लागली. मी बाहेर पडलो, तो उजेड आतच राहिला.

मार्सेल होडीतच होता, अंगाने कोरडा ठणठणीत.

दुपारी मी फेबियनला सगळं सांगितलं. तो हात पुसायचा थांबला.

"रेघ... आडवी होती?"

ॲन्सेल्मच्या बत्तीच्या काचेला चरा पडला होता म्हणे. बदलून देतो, असं फेबियन त्याला म्हणाला होता. ते राहूनच गेलं.

मला मुलगी झाली. तिला घेऊन पहिल्यांदा चर्चला गेलो तो ॲन्सेल्मसाठी मिस्सा सांगायला. त्याचे उपकार माझ्या घरात आता रांगतात, हसतात. ते फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही.

वर्षभराने पुन्हा बत्त्या घ्यायला गेलो. या वेळी पिवळ्या. फेबियनने दोन बत्त्या लावून ड्रमात सोडल्या. पाण्यात झोत तीन दिसत होते... तिसऱ्यात रेघ होती.

फेबियन दचकला नाही. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली गोल काच काढली आणि हलकेच पाण्यात सोडली.

"आनलीय रे," तो ड्रमात बघत म्हणाला.

थोड्या वेळाने रेघ गेली. मग तो झोतही गेला.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ड्रम उपसला. तळाशी बोटभर गाळ होता. काच नव्हती.