नकाशातून पुसलेली विहीर

सुलक्षणाने आयुष्यात वाळवंट पाहिलं नव्हतं. वाळू पाहिली ती बोर्नमथच्या बीचवर, तीही सँडविचमध्ये. पण इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कात बसून सहाराच्या कडेची जमीन मापायची, हेच तिचं पोटापाण्याचं काम. बाई नागपूरची, चाळिशी उलटलेली. रोज सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना म्हणायची, "सगळं ऊन तिकडे आणि मी इकडे. काय पण वाटप केलंय!"

दोन हजार आठचा डिसेंबर होता. वाळवंटात मैलोन्‌मैल आरसे लावून वीज करायची आणि ती समुद्राखालून इकडे आणायची, असा भलामोठा प्लॅन. सुलक्षणाने फक्त सॅटेलाइटचा फोटो साफ करायचा आणि खाली सही करायची: जागा रिकामी, वापर नाही.

फोटोत मात्र एक काळा ठिपका होता. विहीर. तिच्याभोवती थोड्या बाभळी, आणि लांबून तिच्याकडे येणारी दोऱ्यासारखी वाट.

"पूस ते," शशी म्हणाला. शशी म्हणजे तिचा मॅनेजर. वयाने लहान, आवाजाने मोठा.

"अरे, वाट आपोआप पडते का? गुरं घेऊन कुणीतरी येत असणार पाण्याला."

"दिसतंय का कुणी? आणि आरसे धुवायला पाणी लागतं, मॅडम. ती विहीर आपल्यालाच हवीय. मी ख्रिसमस लंचला जाऊन येतो, तोवर उरक." मग हसून म्हणाला, "तुझ्या वर्क परमिटचं लेटर अजून मीच द्यायचंय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. सगळे लंचला गेले आणि आपल्या शूर बाईने मुकाट्याने माउस उचलला. शेजारची वाळू कॉपी करायची, विहिरीवर चिकटवायची. विहीर गेली. बाभळी गेल्या. वाटही गेली.

दुपार कलताच बाहेर काळोख झाला. त्या ऑफिसातले दिवे माणूस हलला तरच लागायचे. सुलक्षणा पडद्याकडे बघत नुसती बसून राहिली, तसे ते विझले. एरवी ती हात हलवून दिवे लावायची, वर स्वतःलाच हसायची. आत्ताही हात उचलणार, इतक्यात हॉलच्या पार टोकाचा दिवा लागला.

मग त्याच्या अलीकडचा.

मग त्याच्याही अलीकडचा...

"कोण आहे? मंजिरी... तू आहेस का?"

शेजारच्या टेबलावरची मंजिरी तर सगळ्यांबरोबर लंचला गेली होती. कार्पेटवर बारीक खुरांची सरसर आली. शेळीच्या केसांचा, तापल्या धुळीचा वास आला. शेवटचा दिवा तिच्या डोक्यावर लागला, आणि नागपूरच्या मे महिन्यासारखी झळ तिच्या तोंडावर बसली. काहीतरी तिच्या खुर्चीशी थांबलं. धापा टाकत होतं.

मग दिवे किचनकडे वळले.

पळून जायचं सोडून ती त्या दिव्यांच्या मागोमाग गेली. तिच्या माहेरी उन्हातून आलेल्याला आधी पाणी देतात. कोण, कुठला, ते नंतर. सवय, दुसरं काय! तिने सिंकमधला प्लास्टिकचा टब काठोकाठ भरला, जमिनीवर ठेवला आणि डोळे मिटून भिंतीला चिकटली.

लप... लप... लप... एक जीभ नव्हती. कितीतरी होत्या. शेवटी माणसाने ओंजळीने प्यावं तसा आवाज आला, आणि एक लांब सुस्कारा.

डोळे उघडले तेव्हा टब कोरडा होता. तिने तो पुन्हा भरून ठेवला, आणि जागेवर येऊन पुसलेलं सगळं परत आणलं.

शशी एकटाच परतला तेव्हा त्याच्या डोक्यावर ख्रिसमसच्या जेवणात फोडतात त्या क्रॅकरमधला कागदी मुकुट होता. पडद्यावर विहीर होती, बाभळी होत्या, वाटही होती.

"हे काय?"

"ही जागा रिकामी नाही. खाली नाव माझं आहे, मी सही करणार नाही."

"परमिट विसर मग!"

"विसरले. परत जावं लागलं तर जाईन. ऊन तरी मिळेल."

"ऊठ. मीच पुसतो." तो तिच्या खुर्चीत बसला.

"पूस. फक्त किचनमधला टब भरलेला राहू दे."

"वेड लागलंय तुला!" त्याने उठून आधी टब सिंकमध्ये उपडा केला आणि मग माउस हातात घेतला.

सुलक्षणा कोट घालून कारपार्कमध्ये आली.  वर पाहिलं, तर शशीच्या डोक्यावरचा दिवा सोडून सगळा मजला अंधारात. मग पार टोकाचा दिवा लागला. मग त्याच्या अलीकडचा.

फोन वाजला.

"सुलक्षणा..." शशीचा आवाज इतका हळू तिने कधी ऐकला नव्हता. "नळाला पाणीच येत नाहीये गं... आणि हे सगळे... माझ्याकडे बघतायत..."

"आधी विहीर परत काढ," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

कारपार्कमधल्या सगळ्या गाड्यांच्या काचांवर बर्फ जमला होता. तिने पर्समधून खरवडणी काढली, आणि हात तसाच राहिला. तिच्या एकटीच्या काचेवर बर्फ नव्हता. काच कोमट होती, ओली होती, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत खरखरीत जिभांचे पट्टे उमटले होते.