हातावरचा हात

माझी नात थोपटल्याशिवाय झोपत नसे. अजून रांगतही नव्हती. खोलीत पूर्ण अंधार करायचा, तिला पालथी घालायची आणि पाठीवर संथ थापा देत राहायचं. थाप चुकली की डोळे टक्क उघडे.

मी गवंडी होतो. हात खरखरीत. पहिल्यांदा थोपटायला बसलो तेव्हा सूनबाई हसली. "बाबा, पोरीला झोपवताय की गिलावा करताय?"

मी थोपटत राहिलो. पोर झोपली. मग सूनबाईचं हसू थांबलं.

थोपटणारा माणूस बदलायची पद्धत घरात मीच लावली. वीट देताना समोरच्याने वजन घेतल्याशिवाय आपण सोडत नाही. तसंच हे. दुसऱ्याने येऊन आपल्या हातावर हात ठेवायचा. दोन थापा मिळून द्यायच्या. मग खालच्याने हात अलगद काढायचा. तोंडाने ब्र काढायचा नाही.

त्या संध्याकाळी मुलगा दुसऱ्या पाळीला गेला होता. पोरीला दात येत होते. सूनबाईने दोन दिवस अंथरुणाला पाठ टेकली नव्हती.

"तू जेवून घे," मी म्हटलं. "मी बसतो."

दार लोटलं, दिवा मालवला. अंधारात दुधाचा आंबूस वास होता, दोरीवरच्या ओल्या कपड्यांचा वास होता. पोर कुरकुरत होती. मी थोपटत राहिलो. खांदा भरून आला.

तेवढ्यात माझ्या हातावर हात आला. हलका. बोटांवर बोटं नीट बसली. मनात म्हटलं, लवकर आटोपलं हिचं. दोन थापा मिळून दिल्या, हात काढला आणि भिंत चाचपत बाहेर आलो.

सूनबाई स्वयंपाकघरात ताटावर बसलेली. घास हातात.

"झोपली?"

मी वळून लोटलेल्या दाराकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. घास तसाच राहिला.

"बाबा... मग आत कोण थोपटतंय?"

लोटलेल्या दारातून ऐकू येत होतं. धप... धप...

मी आत गेलो. दिवा लावला नाही. बांधकामाच्या परांचीवर ओझं घेऊन उभ्या असलेल्याला कुणी दचकवत नाही, आणि पोर त्या हाताखाली होती. मी चाचपत हात पुढे केला आणि त्या हातावर ठेवला. दोन थापा मिळून दिल्या. खालचा हात निघेना. तिसरी थाप दिली. चौथी दिली.

"सोड," मी म्हटलं. "माझी आहे ती."

मग तो निघाला. अगदी अलगद, आमच्याच पद्धतीने.

सूनबाईने दिवा लावला. खोलीत कुणी नव्हतं. पोर गाढ झोपली होती. माझी पुढची थाप पडली आणि ती किंचाळत उठली.

त्यानंतर आम्ही दिवा मालवायचं सोडलं. पोरीने झोपायचं सोडलं. माझा हात लागला की अंग चोरायची, आईचा लागला तरी तेच. डॉक्टरांनी कान पाहिले, पोट पाहिलं, काही सापडलं नाही. दूध तुटलं, वजन उतरलं, रडून रडून आवाज बसला. सूनबाई उभ्या उभ्या पेंगायची.

एकदा म्हणाली, "त्या दिवशी किती शांत झोपली होती, बाबा."

"पुन्हा हा विषय नको," मी म्हटलं.

ती पोरीला घेऊन आत गेली. मला वाटलं, ऐकलं.

परवा संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आत पोर रडत होती. दाराखालची उजेडाची रेघ गेली. थोड्या वेळाने रडणं थांबलं. सूनबाई बाहेर आली, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर बसली. दोन्ही हात मांडीवर.

"झोपली," ती म्हणाली.

आत थोपटणं चालू होतं.

मी उठलो.

"बसा, बाबा..." तिने वर पाहिलं नाही. "जागी होईल."

जन्मात मी कुणाच्या सांगण्यावरून खाली बसलो नाही. पण पोर झोपली होती. किती दिवसांनी झोपली होती.

मी बसलो.

मग आत कुणीतरी बारीक आवाजात गुणगुणायला लागलं. ऐकता ऐकता सूनबाईची मान कलली. बसल्या जागी झोपली. मी ओठ चावून जागा राहिलो. ती चाल मी पूर्वी ऐकली होती. फार पूर्वी, लहानपणी, पाठीवर थापा पडताना, झोपेत... कुणाच्या तोंडून, ते काही आठवेना.