आवाज आला की बटण दाबा

त्या दुपारी खरं तर दोघांचाही फायदाच व्हायचा होता. त्याला हवा होता एक कागद, कान ठणठणीत आहेत असं सांगणारा. तो मिळाला की बांधकामावरच्या सगळ्यात उंच क्रेनची केबिन त्याची. आणि तिला हवं होतं वेळेवर जेवण. हा शेवटचा कान आटोपला की सुट्टी, म्हणून डब्याचं झाकण तिनं आधीच सैल करून ठेवलं होतं. इतक्या स्वस्तात दोन माणसं सुखी व्हायचा योग क्वचितच येतो. तो हुकला, म्हणून ही गोष्ट.

कान-नाक-घशाच्या त्या दवाखान्यात ती कान तपासायची. माणसाला जाड दाराच्या, बाहेरचा आवाज न शिरणाऱ्या छोट्या खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि आपण काचेच्या अलीकडे बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. त्यानं बटण दाबलं की तिच्या टेबलावर हिरवा दिवा लागायचा.

"आवाज आला की बटण दाबा. ऐकू येतोय तोवर दाबून धरा," तिनं नेहमीचं सांगितलं.

"फार बारीक असतो का हो आवाज?"

"लक्ष दिलंत तर ऐकू येईल इतका."

"लक्ष तर आत्ताच दुसरीकडे गेलं," तो म्हणाला, आणि तिच्या भुवया वर गेलेल्या पाहून घाईनं पुढे – "म्हणजे… दाराकडे. काय जाड दार आहे!"

"दाराचं कौतुक नंतर करा. आधी कान द्या."

"दोन्ही देतो. ठेवून घ्या."

ती हसली नाही. दार लावून घेतल्यावर मात्र हसली, कारण तिथून आवाज जात नाही.

पहिले दिवे चटाचट लागले. मग रेंगाळायला लागले. मग लागेचनात. तिनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. कागदावरची रेघ उतारावरून गाडी सुटावी तशी खाली घसरत गेली. असा देखणा माणूस आणि ठार बहिरा, अरेरे – ती मनाशी म्हणाली, आणि मग 'देखणा' हा शब्द तपासणीत कुठून घुसला म्हणून स्वतःवरच वैतागली. आत्ता तर हा टोमण्याला टोमणा देत होता! तिनं काचेतून नीट पाहिलं. मान छातीवर. हात सैल. बटण मांडीवर.

स्वारी झोपली होती.

चांगलं खडसावावं म्हणून तिनं आतला माइक सुरू केला. लाकडावर रंधा चालावा तसं घोरणं खोलीभर पसरलं. तिला हसू फुटलं. रंधा चालत राहिला… चालत राहिला… आणि थांबला.

तिचं हसूही थांबलं.

ही शांतता तिच्या ओळखीची होती. तिचे बाबा जेवून आरामखुर्चीत टेकले की घर दणाणून जायचं. मग मध्येच एकदम गप्प. "झोपले बाई एकदाचे!" आई सुटकेचा निःश्वास टाकायची आणि हातातलं काम पुढे ओढायची. एका दुपारी ते असेच गप्प झाले, आईनं तसाच निःश्वास टाकला, आणि संध्याकाळी चहाला उठवायला गेली तर हात गार लागला.

काचेपलीकडे त्याची छाती हलत होती, पोट हलत होतं, पण माइकमधून श्वास येत नव्हता. तोंड मिटलेल्या पिशवीत कुणीतरी धडपडावं तसं ते दिसत होतं. तिनं दार खेचलं आणि त्याचे खांदे गदागदा हलवले.

बुडता माणूस वर यावा तसा तो श्वास ओढत जागा झाला. "दाबलं ना… दाबलं मी बटण!"

"तुम्ही झोपला होता."

"छे! डोळे मिटले होते फक्त."

"श्वास थांबला होता तुमचा. घरी कुणी सांगितलं नाही?"

"खोलीतले सोबती उशा फेकून मारतात. त्याला सांगणं म्हणत असाल तर रोज सांगतात." मग तिचा चेहरा पाहून त्याची चेष्टा विरघळली. "दिवसाही जरा डोळा लागतो. परवा वर, आत्ताच्या क्रेनच्या केबिनमध्ये… लोखंडी तुळई हवेत होती. क्षणभरच. जागा झालो, तर तुळई झुलत होती आणि खाली माणसं चालली होती." तो हळूच म्हणाला, "हे नका ना लिहू. तुम्ही फक्त कानाचं लिहा. कान माझे चांगले आहेत."

एवढंच मागत होता तो. आणि खरंच, तिचं काम कानापुरतंच होतं. तेवढंच लिहून ती शांतपणे जेवली असती, तर तिला कुणी बोल लावला नसता. ती उठून दवाखान्याच्या डॉक्टरबाईंना सगळं सांगायला गेली.

"माझ्या पोटावर पाय दिलात तुम्ही," डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरताना तो तिला म्हणाला. हे चेष्टेत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी कपाळावर दिवा चढवला. "आ कर. अजून मोठा. लाजतोस काय, तुझ्यापेक्षा मोठे जबडे बघितलेत मी. हं! दोन टॉन्सिल काय बसलेत ठाण मांडून! पाहुण्यांनी खाट अडवली आणि घरचा माणूस दारात उभा, तसं झालंय श्वासाचं."

"पण मी तर जाड नाही, डॉक्टर."

"जाड्यांनाच होतं असं कुणी सांगितलं तुला? झोपलास की घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते. मेंदू घाबरून उठवतो, पुन्हा झोपतोस, पुन्हा बंद. रात्रभर हीच दंगल. मग दिवसा झोप येणार नाही तर काय होणार?"

रात्रभर श्वास मोजणारं एक यंत्र घरी न्यायला मिळालं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. सकाळी नेहमी तोंडाळ असलेल्या डॉक्टरबाईंनी त्याचा आलेख पुन्हा पहिल्यापासून पाहिला. श्वास थांबत होता, रक्तातला प्राणवायू घसरत होता, आणि हे तासातासाला इतक्या वेळा की मोजणाऱ्याला धाप लागावी. उपचार होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

रात्री नाकावर मुखवटा लावून झोपायचं, हवेचा दाब घशाची वाट उघडी ठेवतो – तेही करून पाहिलं. मुखवटा नीट बसत नाही म्हणून तो दवाखान्यात यायचा. दर खेपेला नेमका तिच्या जेवणाच्या वेळी. मुखवटा काही ती बसवत नव्हती, पण हे दोघांनीही एकमेकांच्या लक्षात आणून दिलं नाही.

"राग गेला वाटतं माझ्यावरचा?"

"अर्धा. उरलेला तुमच्या डब्यातली पोळी मिळाली की जाईल." आणि मग पोळी मोडत, "मला एक सांगा, नाकाला सोंड लावून झोपणाऱ्याला कुणी पोरगी देईल का?"

"पोरीला विचारा. तिला सोंड चालेल कदाचित… श्वास मात्र हवा."

त्यानं पोळीचे उगाच आणखी तुकडे केले. कान लाल झालेले तिला दिसले. कान पाहणं हा तर तिचा धंदाच.

पण झोपेत तो मुखवटा ओरबाडून काढायचा. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधानं झोपवून नाकातून दुर्बीण घालू आणि वाट नेमकी कुठे बंद होते ते डोळ्यांनी पाहू, मग शस्त्रक्रियेचं ठरवू.

"यांना आत राहू द्या," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "मला श्वास येत नाही हे यांना आधी कळतं."

भूलतज्ज्ञांनी औषध सोडलं. त्याच्या पापण्या जड झाल्या. "बघा हं लक्ष देऊन…" तो पुटपुटला आणि बुडाला. पडद्यावर ओल्या, लालसर घशाची वाट दिसत होती. घोरणं सुरू झालं, तसे टॉन्सिल आतल्या आत ओढले जाऊ लागले, टाळू खाली लोंबला, आणि पिशवीची नाडी ओढावी तशी वाट मिटली. खोलीत प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक तेवढी उरली. ती टिकटिकही खालच्या पट्टीत उतरायला लागली.

"मॅडम," ती म्हणाली.

"थांब."

"मॅडम, श्वास नाहीये!"

"दिसतंय मला. तेच तर बघायला आलोय. थांब जरा."

तिनं टेबलाची कड धरली. तिच्या हातात बटण नव्हतं. असतं तर तिनं ते दाबून धरून मोडलं असतं. पलीकडे खुर्चीत बाबा बसलेत आणि आई दळण निवडत निःश्वास टाकतेय, असं तिला स्पष्ट दिसलं… मग भूलतज्ज्ञांनी त्याचा जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलला आणि हवा घर्रकन आत गेली. पडद्यावरची वाट उघडली.

"चोर सापडले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टॉन्सिल आणि टाळू. टॉन्सिल काढता येतील, टाळू आवळता येईल. आता तू बाहेर जा आणि पाणी पी. पेशंटपेक्षा तूच पांढरी पडलीस."

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती कामावर होती. भूल म्हणजे पुन्हा झोप, आणि झोपेवर तिचा भरवसा नव्हता. त्या सकाळी तिनं दोन आजोबांना डावा कान विचारून उजवा तपासला. डॉक्टरबाई टोपी काढत आल्या आणि म्हणाल्या, "जागा झाला. पहिला शब्द काय बोलला माहितीये? पोळी. सांगितलं, अजून बरेच दिवस मिळणार नाही."

घशातली जखम भरेपर्यंत त्यानं फारसं बोलायचं नव्हतं. पण कानांचा कागद अजून व्हायचाच होता. तो पुन्हा त्याच खुर्चीत बसला, पुन्हा बटण हातात. दिवे चटाचट लागले. एकही चुकला नाही. तपासणी संपली, तरी तिनं हेडफोन काढायला सांगितलं नाही. आपल्या माइकचा आवाज अगदी खाली नेला, इतका की ऐकू आला नाही तर बरंच, असं तिला वाटलं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "तू डोळे मिटलेस तरी वाटते. बरा झालास तरी वाटेल. आणि तरीही… मला तुझ्याच शेजारी बसून घाबरायचंय."

काचेपलीकडे तो हलला नाही. तिनं टेबलाकडे पाहिलं. हिरवा दिवा लागला होता. लागलाच होता. विझेना.

"पुरे आता. कळलं."

माइकमधून खरखरीत, दुखऱ्या घशाचा आवाज आला. "ऐकू येतंय तोवर दाबून धरायचं… तूच सांगितलंस."

पुढे काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. आलेखावर श्वास थांबल्याची खूण क्वचितच उरली होती. क्रेनची परवानगीही मिळाली. सगळ्यात उंच केबिन तोवर दुसऱ्याला गेली होती, त्याला बुटक्या क्रेनवर बसवलं. "इथून खालच्या माणसांचे चेहरे तरी दिसतात," तो म्हणाला.

एका रविवारी तो तिच्या घरी जेवायला आला. आईनं आग्रह करकरून वाढलं, आणि बोलता बोलता तो बाबांच्या आरामखुर्चीत पेंगला. ती आत भांडी विसळत होती. बाहेर आवाजच येईना म्हणून हात तसेच ओले घेऊन धावली.

आई खुर्चीशी वाकून उभी होती. तिनं आपलं बोट त्याच्या नाकाखाली धरलं होतं.

"काय करतेस गं आई?"

"काही नाही." आईनं बोट काढलं नाही. "येतोय. बघ, येतोय."

हिशेब करायचाच तर त्याची उंची गेली, तिचं एका दुपारचं जेवण गार झालं, पण ही सगळी चिल्लर. त्या पोराच्या एकेका श्वासाची किंमत त्याच खुर्चीत बसून एका माणसानं केव्हाच चुकती केली होती, आणि तेव्हा घरात कुणाला ते ऐकूही आलं नव्हतं.