लाल डब्यातलं बाळ

“ते मेंढरू नाही, पामेरियन आहे.”

बोलून गेले आणि मग जीभ चावली. चर्चच्या आवारात उकिडवा बसून एक तरुण मातीच्या मेंढराला पांढरा रंग देत होता. त्यानं मान वळवली. नाकाच्या शेंड्यावर रंगाचा ठिपका… आणि डोळ्यांत हसू.

“तुम्ही मेंढरांच्या डॉक्टर का?”

“आटपाडीची आहे. घरात माणसं चार, मेंढरं दीडशे. मेंढरू बसताना आधी पुढचे गुडघे मोडतं. ह्याचं बूड टेकलंय अन् पुढचे पाय ताठ. असं कुत्रं बसतं.”

“तरीच! इतकी वर्षं आमच्या मेंढपाळांकडं मेंढरं कमी आणि कुत्री जास्त दिसत होती.”

जयराज त्याचं नाव. घराणं मलकापूरचं, तो मात्र सांगलीतच वाढलेला. सांगलीत आईबरोबर राहून शाळेत विज्ञान शिकवायचा आणि दर नाताळला चर्चची गव्हाण, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडायचा. मी पल्लवी. विश्रामबागेतल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात काउंटर सांभाळायचे आणि काचेआडची सजावटही करायचे. मालकीण सोनिया मॅडमना यंदा क्रिसमसला ‘काहीतरी वेगळं’ हवं होतं, म्हणून गव्हाण कशी असते ते बघायला मी आले होते.

चर्चनं यंदा नवा संच घेतला होता, म्हणून परतताना जुना संच त्यानं मला काचेत मांडायला दिला. मरीया, योसेफ, मेंढपाळ, त्यांची ती दोन मेंढरं, आणि सुती फडक्यात गुंडाळलेलं वीतभर मातीचं बाळ.

“बाळ बाहेर काढायचं नाही हं,” तो म्हणाला. “चोवीसच्या संध्याकाळपर्यंत गव्हाण रिकामीच ठेवतात. तुमच्या काचेसमोर थांबून कुणीतरी विचारेल, बाळ कुठाय? तेवढं विचारलं तरी पुरे. पण चोवीसला सातच्या उपासनेला ते इथं हवं. मी रांगत होतो तेव्हापासून हेच बाळ ठेवतात.”

“मग तुमच्याकडंच ठेवा की ते.”

“ठेवलं असतं…” तो उगाच ब्रश पुसत राहिला. “पण मग रोज दुकानात यायला मला कारण काय?”

आणि तो रोज आला. शाळा सुटली की साडेपाचला. सव्वापाचपासून मी दुकानातल्या प्रत्येक आरशापुढून एकदा तरी जायचे… आरसे पुष्कळ होते.

पण चौथ्याच दिवशी सोनिया मॅडम वैतागल्या. “पल्लवी, ही रिकामी पेटी कोण बघणार? लोकांना सांताबरोबर फोटो हवाय.” झालं. गव्हाण कोपऱ्यात सरकली. समोर माणसाएवढा थर्माकोलचा सांता आला, हातात पाटी – ‘दोन हजारांच्या खरेदीवर गिफ्ट फ्री!’

संध्याकाळी जयराजकडं बघायची मला लाज वाटली. “राग आला?”

“सांतावर? छे. बिचारा दिवसभर उभा आहे.” मग हळूच म्हणाला, “तुमच्याकडं नाताळ एक तारखेला सुरू होतो अन् पंचवीसला संपतो. आमच्यात तो पंचवीसला सुरू होतो. एवढाच फरक.”

त्याच दिवशी त्यानं सांगितलं, बाळ जन्मल्याची बातमी देवदूतांनी सर्वांत आधी रानातल्या मेंढपाळांना दिली.

“राजाला सोडून?”

“राजाला सोडून.”

आप्पांबरोबर, माझ्या वडिलांबरोबर, रानोरान फिरले होते मी. पाऊस कुठं पडला, चारा कुठं उरला, सगळं आम्हाला शेवटी कळायचं. आम्हाला कुणी काही आधी सांगेल, ही कल्पनाच नवी होती. डोळे भरून आले… त्यानं ते पाहिलं, आणि सांताची टोपी सरळ करत बसला. त्या क्षणी मला कळलं, की हा आता साडेपाचला आला नाही, तर माझा दिवस संपणारच नाही.

म्हणूनच पुढचं सांगणं अजून जड जातं.

गर्दीत बाळ फुटेल म्हणून मी ते एका लाल डब्यात घालून काउंटरमागच्या फळीवर ठेवलं होतं. आणि एकवीस तारखेच्या रविवारी मॅडमनी फुकट द्यायच्या भेटी आणल्या, कप आणि छोटे सांता… तसल्याच लाल डब्यांत. त्याच फळीवर रचल्या. रांग दारापर्यंत. बिल, पिशवी, डबा, “मेरी क्रिसमस!” बिल, पिशवी, डबा, “मेरी क्रिसमस!”

सोमवारी सकाळी फळी रिकामी होती.

“मातीचंच होतं ना?” मॅडम म्हणाल्या. “दुसरं घे एखादं. बाजारात ढीग पडलाय.”

भेट घेणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही सोडतीसाठी नाव-नंबरची चिठ्ठी भरून घेतली होती. एकतीस चिठ्ठ्या. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून फोन लावत सुटले. एकानं विचारलं, “म्हंजे आता तो कप परत द्यायचा व्हय?” एक बाई म्हणाल्या, “आमच्या सांत्याचा हात मोडकाय, बदलून द्या.” जेवढे फोन लागले, त्यांतल्या कुणाकडंच बाळ नव्हतं.

साडेपाचला जयराज आला. “बाळ कसंय?”

“छान… झोपलंय,” मी म्हणाले.

तो हसला. मी रात्रभर नाही झोपले. खोटं बोलले होते. ज्याच्याशी एक अक्षर खोटं बोलावंसं वाटत नव्हतं, त्याच्याशीच. सांगितलं तर तो पुन्हा येणार नाही. नाही सांगितलं तर परवा सात वाजता सगळ्या मंडळीसमोर त्याचे हात रिकामे…

मंगळवारी तो पायरी चढायच्या आतच मी बोलून टाकलं. “बाळ हरवलं. रविवारीच. मीच दिलं, माझ्या या हातांनी… आणि काल खोटं बोलले.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू आधी विझलं, मग रंग. त्यानं कोपऱ्यातल्या गव्हाणीकडं पाहिलं. मी ओठ दाबून उभी. हा आता वळणार… निघून जाणार…

“किती फोन झाले?”

“अठरा.”

त्यानं हात पुढं केला. “सहा मला दे. सात तू कर.”

त्याच्या चौथ्या फोनवर पलीकडून एका आजीबाईंचा खणखणीत आवाज आला, मलासुद्धा ऐकू आला. “व्हय, व्हय! बाळ आलंय आमच्यात!”

बुधवारी नाताळामुळं शाळा लवकर सुटली; तीनला त्याच्या मोटरसायकलवरून पलूसकडं निघालो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकीमागं एक. पुढं जायला वाट मिळेना. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. “घड्याळाला धरण्यापेक्षा मला धर,” तो म्हणाला. “खड्डे आहेत.” धरलं. भीतीनंच… असं म्हणू या.

मळ्यात फोनवरच्या त्या आजी, बनुबाई, दारातच उभ्या होत्या. त्यांचा मुलगा मानसिंग फौजेत, सीमेवर. सून अंकिता सातव्या महिन्यातली. तिच्या डोहाळजेवणाची खरेदी करायला त्या रविवारी आमच्या दुकानात आल्या होत्या. देवघरात बाळकृष्णाशेजारी पाट, पाटावर छोटी गादी आणि गादीवर आमचं बाळ. डोक्यावर हातानं शिवलेली कुंची, गालावर काजळाची तीट.

“रांगत न्हाई, बासरी न्हाई,” बनुबाई म्हणाल्या. “दोनी हात नुसतं पसरल्यात. उचलून घ्या म्हनतंय. आठ वरसांनी सुनंला दिवस गेल्यात, आन् डबा उघाडला तर ह्ये! देवानं निरोपच धाडला बगा.”

अंकिता दाराशी उभी होती, पोटावर हात ठेवून. जयराजनं माझ्याकडं बघून मान हलवली… नको. मग खाली बसून बाळाला हात जोडले आणि उठला. “येतो आजी.”

“आवं, च्या तर घ्या! आन् आला कशाला हुता मग?”

साडेचार झाले होते. पण मी एकदा खोटं बोलले होते. पुन्हा जमेना. “आजी, हे बाळ यांच्या चर्चचं आहे. चुकून तुमच्या डब्यात आलं. आज संध्याकाळी त्याचा जन्म. तिथं सगळे वाट बघतात. पण राहू द्या… तुमच्याकडं ते सुखात आहे.”

बनुबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघतच राहिल्या. “आगं येडे! आधी न्हाई का बोलायचं? दुसऱ्याचं लेकरू ठिवून घेत्यात व्हय कुनी?” अंकिताचा चेहरा उतरला. तिच्या पाठीवर हात फिरवत त्या म्हणाल्या, “तुजं तुला मिळंल, बाय. ह्येला त्येच्या आईकडं जाऊ दे.” आणि बाळ उचलून माझ्या ओंजळीत देताना त्यांनी त्याच्या मानेखाली बोटं धरली होती – मातीचं होतं तरी. “थंडी हाय. कुंची काढू नगा.”

सातला दहा कमी असताना पोचलो. आत पेटी-तबल्यावर भजन चाललेलं. जयराजची आई दारातच होती. पांढरं पातळ, कपाळाला आठी. तिनं माझ्याकडं पाहिलं, कुंचीकडं पाहिलं, तिटेकडं पाहिलं. जयराजनं घाईघाईनं रुमाल काढला, तीट पुसायला.

“राहू दे,” आई म्हणाली. “कुणीतरी मायेनं लावलीय.” मग मला, “आत ये. माझ्याजवळ बस.”

ती वळल्यावर जयराज हळू आवाजात म्हणाला, “सोमवारीच मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही यायचं बंद कराल म्हणून.”

“मी बाळासाठी येत होतो, असं वाटलं तुला? पल्लवी… मला तू हवी आहेस. नुसती साडेपाचला नाही.”

मी बाळ त्याच्या हातात दिलं आणि फोन काढला. आत्ता नाही तर कधीच जमणार नव्हतं.

“आप्पा… एक मुलगा आहे. सांगलीत मास्तर आहे. मला… आवडतो. ख्रिश्चन आहे.”

पलीकडं मेंढरांची घुंगरं वाजत राहिली.

“भजन कुटं चाललंय त्ये?” आप्पा म्हणाले.

“त्यांच्या चर्चमध्ये. मी तिथंच आहे.”

पुन्हा घुंगरं. मग खाकरून म्हणाले, “आईला मी सांगनार न्हाई. तूच ये आन् सांग.” फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही. “पल्लवी… एकटी येऊ नगंस.”

जयराज बाळ छातीशी धरून माझ्याकडं बघत होता, चेहरा पांढराफटक. “काय म्हणाले?”

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

“परवा रजा मिळेल तुम्हाला?”