सुलटी अक्षरं

सरस वितळू लागला की मागच्या खोलीत ओल्या जनावराचा वास भरून राही, आणि मग पडद्यापलीकडून ताईचा आवाज येई.

"मुक्या, खिडकी उघड. गिऱ्हाइकांना वाटतं मी कातडी शिवते."

"उघडलीय."

"मग अजून एक भिंत पाड."

पुढे ताईचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मागे ही दहा बाय बाराची खोली. पूर्वी तिथे कापडाचे तागे असत. आता मुक्याच्या फळ्या, गंजलेले पत्रे, सोललेली पोस्टरं आणि रंगाचे अर्धवट डबे होते. ताई त्याची सख्खी बहीण नव्हती. ती डावऱ्याची बहीण. डावरा आणि मुक्या यांनी नऊ वर्षं मिळून भिंती रंगवल्या होत्या, आणि त्या नऊ वर्षांत ताई दोघांना एकाच ताटातले समजून रागावत आली होती. डावऱ्याला जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. रागावण्याचा सगळा वाटा मुक्याच्या पदरात पडत होता, आणि तो निमूटपणे घेत होता. घेण्याजोगा होता, म्हणून घेत होता.

दोघांची काम करण्याची रीत इतरांहून वेगळी होती. बाकीचे अंधारात, तोंडं झाकून भिंती रंगवत. हे दोघे भर दुपारी, नारिंगी जाकिटं घालून, खांद्यावर शिडी घेऊन जात. "चोरून करायचं काम उजेडात केलं की लोक वाट मोकळी करून देतात," असं डावरा म्हणे. तो वर चढे. मुक्या खाली शिडी धरे. अक्षरं काढण्याआधी डावरा शिरोरेखा ओढून घेई, डाव्या हाताने, उजवीकडून डावीकडे, एका दमात. "आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे." त्या दोरीला तो आपलं नाव टांगे.

त्याचं शेवटचं नाव बर्फाच्या बंद कारखान्याच्या मागच्या भिंतीवर होतं, दोन माणसं उंचीवर. दोरी पूर्ण होती. तिच्याखाली 'डाव' एवढंच होतं. उरलेलं अक्षर काढण्याआधी शिडी घसरली होती.

त्या दिवशी मुक्या तापाने अंथरुणावर होता. निदान ताईला तसं माहीत होतं.

"तू असतास तर शिडी धरली असतीस," ती कधी कधी म्हणे, सुईत दोरा ओवता ओवता, कुणालाही बोल न लावता. मुक्याच्या तोंडात मिठाची गुळणी असे.

शहरातल्या एका दालनात पाच जणांचं प्रदर्शन ठरलं होतं. दालनाच्या संयोजिका बाईंनी मुक्याकडून तीन कामं मागितली होती. त्याची पद्धत त्यांना आवडली होती: भिंतीवर गरम सरस लावायचा, त्यावर मलमल ताणून बसवायची, वर पुन्हा सरस. दोन दिवसांत सरस सुकून आक्रसतो आणि रंगाचे सारे थर भिंतीपासून ओढून घेतो. मग एका कोपऱ्यातून पातं सारून सगळी साल अखंड उतरवायची. रंगाचं तोंड कापडाला चिकटलेलं राहतं. आपल्याला दिसते ती त्याची पाठ, विटांना लागून असलेला सर्वांत जुना थर. त्या पाठीवर मुक्या पत्रे ठोकी, कागद चिकटवी, दोरे ओढी. पाठीवर जुनी अक्षरं कुठे उमटलेली असलीच, तर ती उलटी दिसत, आरशातल्यासारखी. साहजिक होतं. ती भिंतीच्या बाहेर उभं राहून लिहिलेली असत आणि आपण त्यांना भिंतीच्या आतून पाहत असतो.

दोन कामं झाली होती. तिसरं बर्फाच्या कारखान्याचं. महिनाअखेरीस ती भिंत पाडणार होते, आणि मुक्याने ताईला शब्द दिला होता की त्याआधी डावऱ्याची अक्षरं तो उतरवून आणेल. या सालीवर दुसरं कापड लावून ती उलटवायची, पहिली मलमल गरम पाण्याने सोडवायची, की अक्षरं जशीच्या तशी समोर. मात्र त्याला दोन माणसं लागतात, एक या टोकाला, एक त्या.

"दुसरं टोक मी धरणार," ताईने आधीच सांगून ठेवलं होतं. "माझ्याशिवाय उलटवायची नाही. त्याचं शेवटचं मला आधी बघायचंय. मग ने तुझ्या दालनात."

एका शुक्रवारी दुपारी ती साल खोलीत आली. पाच फूट लांब, तीन फूट रुंद. मुक्याने ती फळीवर पालथी पसरली. पाठीवर चुन्याचा पिवळट थर होता. तो गार होता. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती, भिंत दिवसभर उन्हात तापत होती, तरी साल हाताला गार लागत होती. वरच्या अंगाला, चुन्यात, एक निळी आडवी रेघ होती. मुक्याने ती चीर समजली आणि हात धुऊन घरी गेला.

सोमवारी त्या रेघेखाली दोन अक्षरं होती. 'धर'.

तो घाबरला नाही. जुना रंग चुन्याखाली दबलेला असतो. ओल सुकू लागली की वर येतो. असं पूर्वीही झालं होतं. त्याने पेन्सिलीने अक्षरांच्या कडेला बारीक खुणा केल्या, तारीख लिहिली आणि कामाला लागला. पत्रा कापता कापता अर्ध्यावर त्याचा हात थांबला.

अक्षरं सुलटी होती.

त्याने दुकानातला, कपडे घालून बघण्याचा आरसा मागून आणला आणि सालीसमोर उभा केला. आरशात अक्षरं उलटी झाली. म्हणजे ती खरोखरच सुलटी होती. सालीच्या पाठीवर सुलटं उमटायचं, तर लिहिणाऱ्याने भिंतीच्या पलीकडे उभं राहायला हवं होतं. पलीकडेही नाही. विटा आणि चुना यांच्या मध्ये.

"आरशात कुणाला बघतोयस? लग्न ठरलं की काय?" ताई पडद्यातून डोकावली. तिची नजर फळीवर गेली. "हे काय लिहिलंयस?"

"मी नाही. जुनं आहे."

"धर?" तिने मान तिरपी केली. "काय धर? मौन धर म्हणत असेल. तुला ते वेगळं सांगायला नको." ती हसली, आणि मग न हसता म्हणाली, "उलटवायची कधी?"

"सुकू दे."

"तीन दिवस झाले की."

"ओल आहे अजून."

ओल होतीच. मंगळवारी 'ली' आलं. बुधवारी 'स'. पेन्सिलीच्या खुणा जागच्या जागी होत्या. अक्षरं त्यांच्या पुढे सरकत होती. रेघ उजवीकडे जाड होती आणि डावीकडे बारीक होत गेली होती, उजवीकडून सुरू करून एका दमात ओढलेली. मुक्याने ती रेघ नऊ वर्षं खालून पाहिली होती.

गुरुवारी सकाळी 'ना' होतं, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

*धरलीस ना?*

शिडीच्या प्रत्येक पायरीगणिक डावरा हे विचारी. त्याला उंचीची भीती होती. ती तो फक्त मुक्याला आणि ताईला ठाऊक होऊ देई. लहानपणी माळ्यावर चढतानाही ताईने शिडी धरली की तो असंच विचारी, म्हणे. "धरलीस ना?" आणि खालून उत्तर द्यायचं, "धरलीय." उत्तर आल्याशिवाय त्याचा पाय पुढच्या पायरीवर पडत नसे. त्या दुपारीही, 'डाव' काढून आणखी एक पायरी चढताना, त्याने विचारलं होतं. मुक्याने उत्तर दिलं होतं, "धरलीय." त्याच क्षणी कोपऱ्यावरून पहारेकऱ्याची हाक आली होती, आणि मुक्या उत्तर तोंडात असतानाच पळाला होता. दोन गल्ल्या ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की आपले हात मोकळे आहेत.

घरी जाऊन तो पांघरूण घेऊन पडला. संध्याकाळपर्यंत त्याला खरोखरच ताप चढला होता.

आता ताईला तो प्रश्न दाखवायचा, म्हणजे उत्तरही दाखवायचं. आणि उत्तर दिल्यावर या खोलीत, या दुकानात, रोजच्या त्या रागावण्यात आपली जागा कुठे उरते, हे त्याला दिसेना.

त्याने पातं घेऊन 'ना' खरवडलं. चुन्याचा पापुद्रा निघाला. खाली 'ना' होतं. तेही खरवडलं, त्याखालीही होतं, तितकंच निळं. आणखी खोल गेला असता तर पातं पलीकडच्या अक्षरांना, डावऱ्याच्या खऱ्याखुऱ्या 'डाव'ला भिडलं असतं. तो थांबला.

भिंती रंगवणाऱ्यांमध्ये कुठे लिहून न ठेवलेला एक नियम असतो: गेलेल्याच्या अक्षरांवर आपला रंग मारायचा नाही. कुणाच्याही नावावर आपलं नाव चढवावं, भांडावं, पुसावं. मेलेल्याला हात लावू नये. मुक्याने हा नियम मोडताना कुणाला पाहिलं नव्हतं.

ताई कापड आणायला बाजारात गेली होती. त्याने डांबरात काजळी कालवली आणि रुंद ब्रशने सालीची सबंध पाठ काळी केली. एक हात, दुसरा हात, तिसरा. कडांना गंजके पत्रे ठोकले. फळीवर मागून लाकडी चौकट बसवून सगळं असं जखडून टाकलं की ती साल पुन्हा कधी उलटवताच येऊ नये.

ताई आली तेव्हा ते काळं काम भिंतीला टेकून उभं होतं. तिच्या हातात नवी मलमल होती, चारी बाजूंनी दुमडून शिवलेली.

"हे काय केलंस?"

"अक्षरं निघाली नाहीत, ताई. सरसातच विरली. मी आधी बघून घेतलं."

"माझ्याशिवाय?"

तो हाताचं डांबर पुसत राहिला. ताईने मलमल नीट घडी करून मशीनवर ठेवली आणि दुकानाचे दिवे लावले. त्या दिवशी ती त्याला रागावली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

प्रदर्शन सहा दिवसांनी, संध्याकाळी पाच वाजता उघडलं. दालन पांढरंशुभ्र होतं. एकही खिळा दिसू नये अशी भिंत. मुक्याचं काळं काम मधोमध लावलं होतं. लोक त्याच्यासमोर थोडे रेंगाळत आणि पुढे जात. संयोजिका बाई हळूच म्हणाल्या, "हेच सर्वांत बोलतंय, बरं का. तुमच्यापेक्षा तरी नक्कीच." डांबर ठणठणीत सुकलं होतं. मुक्याने दिवसातून तीनदा पाहिलं होतं; एकही निळा ठिपका नव्हता. पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घ्यावासा वाटला.

ताई साडेपाचला आली. ठेवणीतली साडी, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. ती इतर कुणाच्या कामाकडे वळलीच नाही. काळ्या फळीसमोर जाऊन उभी राहिली.

"इथं आहे ना तो? खाली?"

"हो."

तिने हात वर केला. बाईंनी दुरून पाहिलं, हात लावू नका असं म्हणायला पुढे झाल्या, आणि ताईचा चेहरा पाहून जागीच थांबल्या. तीस वर्षं शिवणकाम केलेली बोटं अस्तराखालचा टाका डोळे मिटून ओळखतात. ताईने डोळे मिटले. दोन बोटं काळ्या डांबरावर टेकवली आणि वरच्या कडेजवळ उजवीकडून डावीकडे ओढत नेली.

"दोरी आहे," ती म्हणाली.

मुक्याने दाराकडे पाहिलं.

बोटं खाली उतरली. सुरुवातीपासून, सावकाश, एकेका अक्षराचा काठ धरून.

"ध. र." ती थांबली. "ली."

"ताई, चल, बाहेर जाऊ."

"स."

तिचे ओठ एकदा मिटले. मग ते शब्द तिच्या तोंडून आले ते तिच्या आवाजात नव्हते. म्हणजे आवाज तिचाच होता, पण त्यातला थरकाप, शेवटी वर चढणारा तो लहान मुलासारखा सूर माळ्यावरचा होता, शिडीवरचा होता.

"धरलीस ना?"

"धरलीय," मुक्या म्हणाला.

विचार करण्याआधीच म्हणाला. नऊ वर्षांच्या सवयीने, स्पष्ट, मोठ्याने. दोघातिघांनी वळून पाहिलं.

ताईने वळून पाहिलं नाही. तिची पाठ तेवढी ताठ झाली.

"मी होतो, ताई. त्या दिवशी. मी—"

"थांब," ती म्हणाली. "पुढं अजून आहे."

पुढे काही नव्हतं. प्रश्नचिन्हानंतर कोरा चुना होता; मुक्याने स्वतः तिथपर्यंत ब्रश फिरवला होता.

ताईचं बोट प्रश्नचिन्ह ओलांडून पुढे सरकलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एका जागी ती अडखळली, मागे आली, पुन्हा वाचलं. एकदा तिने मान हलवली, कुणी काही सांगितल्यावर हलवावी तशी.

"काय लिहिलंय?"

बोट फळीच्या कडेला पोचलं. गंजक्या पत्र्यावरून गेलं. चौकटीवरून उतरलं.

आणि थांबलं नाही. पांढऱ्या, कोऱ्या भिंतीवरून ते तसंच सावकाश पुढे जात राहिलं, एकेका अक्षराचा काठ धरून, आणि ताई एक एक पाऊल टाकत त्याच्यामागे चालली होती, डोळे मिटून, ओठ हलवत.